ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं

मारुती आठशे ही गाडी अकरा फुटांची आणि आमची कयाक, म्हणजे वल्हवायची निमुळती होडी, सोळा फुटांची. ती टपावर चढवली की घरधन्यापेक्षा पाहुणाच मोठा असा प्रकार व्हायचा. नाक बॉनेटच्याही पुढे, शेपूट डिकीच्या पलीकडे, आणि शेपटाला पिराजीने बांधलेली लाल चिंधी. बंगळूरला जे. पी. नगरच्या आमच्या गल्लीतली माणसं रविवारी सकाळी सहाला दूध आणायला जाताना थांबून बघायची. समोरच्या घरातले रिटायर्ड मास्तर तर खुर्ची टाकूनच बसायचे. सगळ्यांना वाटायचं, आज पडणार. पिराजीने चढवलेली होडी पाच महिन्यांत एकदाही पडली नाही.

पिराजी आमचा नोकर नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पुढे आम्ही तसेच वागलो. तो बोम्मसंद्र्याला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये कारागीर होता. चाळिशीचा, काटक, हातांवर राळेचे डाग कायमचे, आणि बोलताना नेहमी दुसरीकडे कुठेतरी बघणारा. मूळचा निपाणीजवळच्या वेदगंगेकाठच्या गावचा. मराठी त्याच्या घरची, पण बंगळूरला बारा वर्षं काढल्याने तिच्यात बरं म्हणायला 'सरी' आणि थोडं म्हणायला 'स्वल्प' असं कन्नड मिसळलेलं. आम्ही पुण्याहून येऊन दीड वर्ष झालेलं. आमच्या मराठीत निम्मं इंग्रजी होतं, आणि तरीही आम्ही त्याच्या मराठीला हसायचो.

झालं असं, की माझा नवरा अवधूत शहाण्णव साली कंपनीच्या कामाने अमेरिकेत जाऊन आला आणि येताना डोक्यात कयाक घेऊन आला. तिथे कुणीतरी त्याला दोन शनिवार तळ्यावर नेलं होतं. तेवढ्यावर माणूस कामातून गेला. इथे तसली होडी विकत मिळेना. तेव्हा हा मापांचे कागद घेऊन टाक्यांच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला आणि मला सोबत नेलं. शेडचे मालक दयानंद यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि सांगितलं, टाकी हवी असेल तर बोला. मी अवधूतला म्हटलं, "चल आता घरी, पुरे झाली शोभा." तोच मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "होतंय की."

तो पिराजी. त्याने कागद हातातही घेतला नव्हता, लांबूनच बघितला होता. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी करतो मी. मालकांनी जागा दिली म्हंजी झालं. पण मी बी बसणार त्यात."

"म्हणजे काय," अवधूत म्हणाला, "दोन सीटची करू. पुढे मी, मागे तुम्ही. मागची सीट तुमचीच."

"शब्द?"

"शब्द."

पिराजीने मालकाकडे बघितलं, मालकाने खांदे उडवले, आणि आमच्या होडीचा असा जन्म झाला.

त्याला बसायचं का होतं, ते मला नंतर कळलं. लहानपणी गावात पूर आला की माणसं गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडायची. ऊस उकळायची ती भलीमोठी पसरट कढई, पाण्यात सोडली की गरगर फिरते. पिराजी दहाव्या वर्षापासून ती सरळ न्यायचा. आजारी माणसं, बाळंतिणी, एकदा तर पोस्टमन टपालासकट. "काहील सरळ नेतो तो काय बी सरळ नेतो अक्का," असं तो मला म्हणाला होता. मग पूल झाला, काहील गुऱ्हाळात गेली आणि पिराजी बंगळूरला आला. बारा वर्षं तो पाणी साठवायच्या टाक्या करत होता आणि पाण्यात एकदाही उतरला नव्हता.

होडी ऑगस्टमध्ये झाली. सप्टेंबरपासून दर रविवारी कनकपुरा रस्त्यावरच्या एका तळ्यावर सराव सुरू झाला. पिराजी पहाटेच्या बसने निघायचा, एक बस बदलून सहाच्या आत आमच्या दारात. खांद्यावर सुती दोराचं वेटोळं. हा दोर त्याच्या बापाचा. बाप, कृष्णाजी, निपाणीच्या बाजारात तंबाखूची बोदं ट्रकवर चढवणारा हमाल. अवधूतने आणलेले रंगीत नायलॉनचे पट्टे पिराजीने पहिल्याच दिवशी हातात घेऊन बघितले आणि घडी करून परत दिले.

चढवायची त्याची एक रीत होती. आधी कॅरिअरच्या दोन्ही दांड्यांवर ओली पोती. मग होडीचं शेपूट मागच्या दांडीवर टेकवायचं, नाक आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि चालत चालत पुढे सरकवायची. अवधूत नुसताच बाजूला "हळू, हळू" म्हणत धावायचा. मग पोटावरून दोन वेढे, नाकापासून खालच्या बंपरला एक ताण, शेपटापासून एक, आणि शेवटी ती गाठ. तोंडात धरलेला दोराचा शेव, म्हणजे सुटं टोक, सोडून तो दोन्ही हातांनी काहीतरी करायचा, पाठ आमच्याकडे, आणि झालं. रस्त्यात शंभर खड्डे लागले तरी ती गाठ केसभर हलत नसे. तळ्यावर पोचलं की तोच जायचा, शेव धरून एक झटका द्यायचा, आणि सगळा दोर खाली.

मी एकदा विचारलं, "दाखवा की मला." तो हसला. म्हणाला, "दाखवून काय करू अक्का? ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं. आमच्यात तसंच हाय. हमालानं माल बांधला की तो मालाबरोबर जातोय, सोडतोय, मग घरला येतोय. दुसऱ्यानं गाठीला हात लावायचा न्हाई. तुम्हाला दाखवली तर मग मी कशाला येऊ?"

मला ती गंमत वाटली. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याच्या रीतीची गंमत फार लवकर वाटते.

पाण्यात मात्र गंमत नव्हती. अवधूत पुढे बसून जे काही करायचा त्याला जोर म्हणायचं की धडपड, हे मी बायको म्हणून सांगणार नाही. पण होडी बाणासारखी जायची. काठावरून मी बघायचे, मागे पिराजी बसलेला, मान ताठ, डोळे लांब पलीकडच्या झाडावर. घरी आला की त्याच्या डाव्या तळहाताला फोड असायचे. उजवा कोरा. मला वाटलं डावखुरा असेल. बोरोप्लस दिलं आणि विसरून गेले.

नोव्हेंबरात बातमी आली. साहसी खेळांच्या एका क्लबाने जानेवारीत कावेरीवर दोन माणसांच्या होड्यांची शर्यत ठेवली होती, आठ किलोमीटरची. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. अवधूतने दोघांची नावं घालायची म्हणून अर्ज आणला. पिराजीने आपलं नाव कन्नडमध्ये लिहिलं, मग काहीतरी वाटून खाली मराठीतही लिहिलं. त्या दिवसापासून तो बदलला. बोलताना समोर बघायला लागला. शेडमधल्या सगळ्यांना त्याने सांगितलं होतं, मालकांनाही. बायको गंगव्वा आणि मुलगी भाग्यलक्ष्मी यांना सांगितलं होतं. कॅनव्हासचे बूट घेतले आणि ते मळू नयेत म्हणून पिशवीतून आणायचा. या माणसाला आयुष्यात एकदा, लोकांच्या देखत, आपण केलेल्या होडीत बसून पाण्यावरून जायचं होतं. याहून जास्त काही नको होतं.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी अवधूत ऑफिसातून आला आणि बूट न काढताच म्हणाला, "शार्दूल येतोय रविवारी."

शार्दूल त्याचा प्रोजेक्ट लीडर. मार्चमध्ये अमेरिकेला कोणाला पाठवायचं, ते ठरवणारा.

"येऊ दे की. बघायला?"

"नाही गं. मागच्या सीटवर."

मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले. म्हटलं, "आणि पिराजी?"

"त्याला काय, पुढच्या वर्षी बसेल. शार्दूलने स्वतःहून विचारलं, मी काय नाही म्हणू? एका सीटचा तर प्रश्न आहे."

मी भांडले असते तर आज ही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगितली असती. मी भांडले नाही. मलाही अमेरिकेला जायचं होतं. बर्फ बघायचा होता, सासूबाईंना फोटो पाठवायचे होते. आम्ही गेलोही, तीन वर्षं राहिलो. मी एवढंच विचारलं, की पिराजीला कोण सांगणार. अवधूत म्हणाला, "आत्ताच सांगितलं आणि तो रविवारी आलाच नाही, तर होडी चढवणार कोण?"

तेव्हा ठरलं, की होडी चढल्यावर सांगायचं. आणि तिथे नदीवर सोडायची कशी, परत येताना बांधायची कशी? अवधूतने माझ्याकडे बघितलं. "ती गाठ तू शिकून घे ना. तुझं ऐकतो तो. अक्का अक्का करतो."

रविवारी पिराजी साडेपाचलाच आला. अंघोळ केलेली, कपाळाला कुंकवाचं बोट, बूट पायात. आल्या आल्या त्याने माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. गंगव्वाने केलेला एळ्ळु-बेल्ला, तीळ, गुळाचे तुकडे, खोबरं, शेंगदाणे. म्हणाला, "संक्रांतीला येणं झालं न्हाई. घ्या अक्का, गोड बोला."

मी गोडच बोलले. चहा दिला, बुटांचं कौतुक केलं. तोवर शार्दूलही आला, गॉगल लावून, पोहण्याच्या चड्डीवर टी-शर्ट घालून. अवधूतने ओळख करून दिली ती फक्त "माझे बॉस" अशी. पिराजीने नमस्कार केला. त्याला वाटलं साहेब बघायला आलेत. होडी त्याने त्या दिवशी नेहमीपेक्षा जपून चढवली, पोती दोनदा सारखी केली, आणि नाकावरून एकदा हात फिरवला. वेढे झाले, ताण झाले. तोंडात शेव धरून तो गाठीला वाकणार, तेवढ्यात अवधूतने मला डोळ्याने खुणावलं.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "पिराजी, आज ती गाठ मला शिकवता का?"

तो वाकलेलाच राहिला. मग हळूहळू सरळ झाला आणि तोंडातला शेव काढला. माझ्याकडे बघितलं, अवधूतकडे बघितलं, अवधूत चाकातली हवा बघत होता. मग शार्दूलच्या चड्डीकडे बघितलं. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. मी नजर खाली घातली तर समोर ते पांढरे बूट.

"सरी," तो म्हणाला.

त्याने मला जवळ उभं केलं आणि गाठ दाखवली. एकदा हळू, एकदा नेहमीसारखी. दोराचा दुपदरी फास, त्यातून ताण, आणि शेव शेवटी आत खुपसताना पूर्ण ओढायचा नाही, झटक्यासरशी सुटेल असा कान ठेवायचा. मग ती सोडली आणि दोर माझ्या हातात दिला. माझी दोनदा चुकली. त्याने चिडचिड केली नाही, बोटं धरून फिरवली नाहीत, नुसतं "न्हाई, खालनं" एवढं म्हणाला. तिसऱ्यांदा जमली. त्याने दोर ओढून बघितला, मान हलवली.

"आता तुमची," असं म्हणून तो गाडीपासून दोन पावलं मागे सरकला.

अवधूतला तेव्हा कंठ फुटला. "पिराजी, त्याचं काय झालंय, की कंपनीचं जरा... शार्दूल सरांना यायचं होतं. पुढच्या वर्षी नक्की. आणि गाडीत पण जागा नाही रे, नाहीतर आला असतास." मागच्या सीटवर माझ्याशेजारी फक्त एक टोपली होती, सँडविचची. ती मी मांडीवर घेऊ शकले असते. पिराजीने ती टोपली बघितली. "जावा जावा," तो म्हणाला, "ऊन व्हायच्या आत पोचा."

गाडी वळताना मी मागे बघितलं. तो आमच्या फाटकाच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

कावेरीवर जत्रेसारखी गर्दी होती. मी गाडीतून उतरले, शेवाला झटका दिला, दोर खाली आला. शार्दूल म्हणाला, "वा, एक्सपर्ट." मला त्या कौतुकाची शिसारी आली. दोर गुंडाळत असताना मागून कुणीतरी "अक्का" म्हणालं. बघते तर गंगव्वा. जरीच्या काठाचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हाताला धरलेली भाग्यलक्ष्मी, दुसऱ्या हातात डबा. पहाटेच्या पहिल्या बसने त्या दोघी परस्पर इकडे आल्या होत्या. पिराजीने आम्हाला ते सांगितलंच नव्हतं. सकाळी पायरीवर बसलेल्या माणसाला माहीत होतं, की त्याची बायको-मुलगी नदीवर वाट बघतायत, आणि तरी त्याने तोंड उघडलं नाही.

"हे कुठं हायेत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "त्यांना अचानक कारखान्यात बोलावलं." इतकं सहज खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

ती हसली. "न्हाई न्हाई, आल्यात की. होडी आलीया न्हवं? होडी आली म्हंजी सोडायला ते आलेच." आणि तिने गर्दीत शोधायला मान उंच केली. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या दोराकडे गेलं. सासऱ्याचा दोर तिने ओळखला.

"बांधली कुणी मग?"

 पण ते एक मी खोटं बोलू शकले नाही. "मी," म्हटलं.

गंगव्वा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पाण्याकडे बघितलं. तिथे अवधूत पुढच्या सीटवर आणि शार्दूल मागच्या सीटवर बसत होते. तिने लेकीला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "पण अप्पा?" गंगव्वाने डबा माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला नाही, माझ्या हातातही दिला नाही. तो तसाच घेऊन ती बसच्या रस्त्याला लागली. शर्यत सुरू व्हायच्याही आधी.

शर्यतीचं काय सांगू? शिट्टी झाली, बारा होड्या सुटल्या, आणि आमची डाव्या काठाच्या गवतात जाऊन घुसली. बाहेर काढली, पुन्हा डावीकडे. शार्दूल अवधूतवर ओरडत होता, अवधूत शार्दूलवर ओरडू शकत नव्हता. आठ किलोमीटर ती होडी मारकुट्या म्हशीसारखी डावीकडेच ओढत राहिली आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांच्या जेवायच्या वेळेला, पोचली. अवधूत बाहेर आला तो लालबुंद. शार्दूलच्या आणि चार लोकांच्या देखत म्हणाला, "बनवणाराच अडाणी. टाक्या करणाऱ्याकडून दुसरं काय होणार?" शार्दूलने मान डोलावली. मी गप्प होते. त्या दिवशी मला गप्प बसायचा चांगलाच सराव झाला होता.

पुढच्या शनिवारी दोर परत द्यायला मी एकटी बोम्मसंद्र्याला गेले. माफी मागायची असं बसमध्ये पाठ करत होते. पिराजी एका टाकीच्या आत बसून कड घासत होता. मला बघून बाहेर आला, हात पुसले.

"या मॅडम," तो म्हणाला.

पाच महिने अक्का होते. पाठ केलेलं सगळं तिथेच विसरले. दोर पुढे केला. त्याने तो घेतला, वेटोळं सोडून पुन्हा स्वतःच्या पद्धतीने घातलं आणि खांद्यावर टाकलं. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून विचारलं, "पिराजी, होडी डावीकडे ओढत होती. ती बनवतानाच काही चुकलं होतं का?"

त्याने बादलीतलं तांब्याभर पाणी घेतलं आणि शेडच्या फरशीवर ओतलं. पाणी जरा थांबलं आणि मग डाव्या कोपऱ्यातल्या गटाराकडे वाहत गेलं.

"धुवायला बरं म्हणून जमिनीला उतार दिलाय," तो म्हणाला. "टाकीचं काय बिघडत न्हाई, ती गोल. होडीचा साचा चार दिवस हितंच वाळला. त्यात होडीला पीळ पडला. माझ्या ध्यानात आलं न्हाई. माझीच चूक."

"कळलं कधी?"

"पहिल्याच दिवशी. तळ्यात."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मागं मी होतो की." त्याने डावा हात उघडून दाखवला. फोडांच्या जागी आता घट्टे होते. "डाव्या अंगाला दोन जादा मारायचो. सरळ जायची."

 मग विचारलंच, "आणि त्या रविवारी सकाळी? तेव्हा तरी सांगायचं."

पिराजी पुन्हा टाकीत उतरला. घासायचा कागद हातात घेतला आणि आतून म्हणाला, "तुम्ही गाठ विचारली मॅडम. गाठ शिकवली."